मुंगसाची मुळी आणि परळचे घोडे

आषाढात भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली की सकाळी बांधीत उतरलेली माणसं दिवस कलल्यावरच धुऱ्यावर येतात. पाठ वाकलेली, पाय चिखलात, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या. धुरे उंदरांनी पोखरलेले असतात. उंदरामागे साप येतो आणि सापामागे मुंगूस. पवनी, लाखांदूर, साकोली या भागात नाग आहे, मण्यार आहे आणि विदर्भात जिला परड म्हणतात ती घोणसही आहे. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी, बोड्यांच्या काठची झुडपं, धानाचे पुंजणे, या सगळ्या जागा जितक्या माणसाच्या तितक्याच सापाच्या. एखाद्याला ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, की गावात त्या सापाचं नावही मोठ्यानं घेत नाहीत.

मुंगसाविषयी मात्र सगळे मोकळेपणानं बोलतात. नागाशी झुंजताना दंश झाला तर ते झुडपात शिरतं, कुठलीशी मुळी चावतं, विष उतरवतं आणि परत येऊन नागाचा निकाल लावतं. ही हकिकत सांगणाऱ्याच्या आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुळी कुठली, हे मात्र आजोबांनी कुणाला सांगितलेलं नसतं. नेमकी हीच गोष्ट कोकणात सांगतात, बंगालात सांगतात आणि श्रीलंकेतही. इतक्या दूरदूरच्या लोकांनी एकच थाप मारावी, तर तिच्या बुडाशी काहीतरी पाहिलेलं असणार, एवढा संशय घ्यायला हवा होता. शास्त्रानं तो बराच उशिरा घेतला. त्या उशिराचा इतिहास गोव्यात सुरू होतो.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, इथेच राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ मध्ये गोव्यातल्या छापखान्यात त्याचं हिंदुस्थानातल्या औषधींवरचं पुस्तक छापून निघालं. ते सगळं संवादरूपात आहे आणि त्यातला एक संवाद ‘सापाच्या लाकडा’वर आहे. श्रीलंकेत नाग फार, तिथे मुंगसासारखा एक लहान प्राणी त्यांच्याशी लढतो, लढाईआधी एका झाडाची मुळी चावतो आणि तिचा रस लाळेसकट पंजांनी अंगाला फासतो, असं ऑर्ता सांगतो. त्या प्राण्याचं जे नाव त्यानं दिलं आहे ते तमिळ ‘किरिपिल्लै’चंच पोर्तुगीज कानांनी ऐकलेलं रूप आहे. पुढे धर्मन्यायालयानं, तो मेल्यावर बारा वर्षांनी, छुपा यहुदी म्हणून त्याची हाडं उकरून जाळली. मुळीची गोष्ट मात्र पुस्तकाबरोबर युरोपला पोचली होती.

तिथे ती चांगलीच रुजली. जर्मन प्रवासी वैद्य एंगेलबर्ट केम्फर यानं १७१२ च्या ग्रंथात मुंगसाच्या मुळीचं वर्णन केलं. १७५३ मध्ये लिनियसनं वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली, तेव्हा या मुळीच्या वनस्पतीला ‘ओफिओऱ्हायझा मुंगोस’ असं नाव मिळालं. पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतला साप आणि मुळी, दुसऱ्यात आपलं मुंगूस. ज्या मुळीचा गुण कुणी तपासला नव्हता, तिची नोंद अशी वनस्पतिशास्त्राच्या मूळ वहीतच झाली. काहींच्या मते मुंगूस खातं ती वनस्पती वेगळी, सर्पगंधा. तिचं पुढे काय झालं ते योग्य जागी येईलच.

तपासणीची वेळ आली ती कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आल्यावर. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि भंडारा त्यातला एक जिल्हा झाला. इंग्रज सरकारला मोजणीची भारी हौस. वाघानं किती मारले, लांडग्यानं किती, सापानं किती, असे वार्षिक तक्ते प्रत्येक जिल्ह्यातून वर जाऊ लागले. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक असलेल्या जोसेफ फेअरर यांनी हे तक्ते मागवून घेतले. १८६९ या एका वर्षासाठी त्यांच्या हाती ११,४१६ मृत्यूंचा आकडा आला. त्यात मध्य प्रांतही होता, पण मुंबई आणि मद्रास इलाखे नव्हते. कोतवालानं पाटलाला सांगितलं, पाटलानं ठाण्यात सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं, तर मेलेला माणूस त्या आकड्यात यायचा. तेव्हा खरा आकडा किती मोठा असेल, याचा अंदाज फेअरर यांनाही होता.

१८७२ मध्ये त्यांचा ‘द थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भलामोठा सचित्र ग्रंथ निघाला. कलकत्त्याच्या कला शाळेतल्या देशी चित्रकारांनी काढलेली त्यातली नागाची, मण्याराची, घोणसेची चित्रं आजही पाहत राहावीत अशी आहेत. ग्रंथाचा दुसरा भाग मात्र वाचवत नाही. कुत्री, कोंबड्या, घोडे, मांजरं, डुकरं यांना एकामागून एक साप चाववून ती किती मिनिटांनी मेली याची ती यादी आहे. तेव्हाची पद्धतच तशी. मुंगूसही या चाचणीतून सुटलं नाही. फेअरर यांचा निष्कर्ष असा की मुंगूस चपळ आहे, त्याचे केस ताठ उभे राहतात, नागाचे दात सहसा कातडीपर्यंत पोचत नाहीत. पण दंश नीट बसला तर तेही मरतं. मुळीबिळी सगळी भाकडकथा.

निष्कर्षाचा शेवटचा भाग बरोबर होता. आधीच्या भागानं पुढची वीसेक वर्षं लोकांना चकवलं. मुळी खोटी ठरली, तेव्हा मुंगसाच्या अंगात काही वेगळं असेल हा विचारही तिच्याबरोबर फेकून दिला गेला. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनं १८९३ मध्ये रिक्की-टिक्की-टावीची गोष्ट प्रसिद्ध केली, तीत त्यानं मुद्दाम थांबून वाचकाला बजावलं आहे की औषधी वनस्पतीची कथा खरी नाही, जिंकतं ते फक्त डोळ्याची आणि पायाची चपळाई. जगभरची मुलं तेच वाचून मोठी झाली. शेतकऱ्यानं पाहिलेली गोष्ट होती ‘दंश झाला तरी मुंगूस जगलं’ ही. मुळी ही त्यानं स्वतःच्या समजुतीसाठी जोडलेली पुरवणी होती. साहेबांनी पुरवणी खोडताना मूळ कागदही फाडला.

फाटलेला कागद जोडला गेला तो कॅरिबियन बेटांमुळे, आणि त्यामागे कारण होतं उसाचं. जमैकातल्या एस्पूट नावाच्या मळेवाल्याच्या उसाचं उंदरांनी वाटोळं केलं होतं. १८७२ मध्ये त्यानं कलकत्त्याहून जहाजातून नऊ मुंगसं मागवली, चार नर आणि पाच माद्या. त्यांची प्रजा इतकी वाढली की शेजारच्या बेटांवरच्या मळेवाल्यांनीही ती नेली. पुढे ती पक्ष्यांची अंडी खाऊ लागली आणि मळेवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण तो वेगळा विषय. आपल्याला हवं आहे ग्वादलूप बेट. तिथे मुंगसं पोचली आणि पिढ्यानपिढ्या राहिली, पण त्या बेटावर विषारी साप नाहीत.

हे महत्त्वाचं का, ते अल्बेर काल्मेत यांना कळलं. पाश्चरच्या परंपरेतला हा फ्रेंच डॉक्टर १८९१ मध्ये सायगावला होता. त्या साली पुरामुळे बाक-लिएऊ भागातल्या एका गावात नाग शिरले, चाळीस जणांना चावले आणि चार जण दगावले. काही नाग जिवंत पकडून काल्मेत यांच्याकडे पाठवण्यात आले. त्यांनी विष काढलं आणि प्राण्याला ते अगदी थोडं थोडं, वाढत्या मात्रेनं टोचत गेलं तर काय होतं हे पाहायला सुरुवात केली. प्राणी टिकत होता. इतकंच नव्हे, त्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचत होता. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये काल्मेत यांनी, आणि स्वतंत्रपणे फिझालिक्स आणि बर्त्राँ या जोडीनं, हे जाहीर केलं. सापाच्या विषावर माणसाच्या हाती आलेलं हे पहिलं खरं औषध. त्याला ना मुळी लागली ना मंत्र.

पण मग मुंगूस? ते नागांच्या देशात राहतं, लहानपणापासून थोडेथोडे दंश खातं आणि काल्मेत यांच्या प्रयोगातल्या प्राण्यांसारखंच हळूहळू सरावतं, अशी शक्यता होती. तसं असेल तर ती कमावलेली ताकद. जन्मजात नव्हे. निर्णय करायचा तर ज्यानं साप कधी पाहिलाच नाही असं मुंगूस हवं. हिंदुस्थानात ते कुठून मिळणार? काल्मेत यांनी ते ग्वादलूपहून मागवलं. त्यांच्या लील शहरातल्या प्रयोगशाळेत त्या मुंगसांना नागाचं विष टोचण्यात आलं. सशाला मारून टाकणारी मात्रा त्यांनी सहज पचवली. मात्रा वाढवत नेली तेव्हा ती मेली. म्हणजे अभेद्य कवच नव्हतं, पण विषाला मोठ्या प्रमाणावर दाद न देणारं काहीतरी होतं, आणि ते जन्मतःच होतं. बापजाद्यांनी साप सोडल्याला कित्येक पिढ्या झाल्या तरी ते टिकलं होतं. साळिंदराचा छोटा भाऊ वाटावा असा युरोपातला काटेरी हेजहॉग आणि डुक्कर यांच्याबद्दलही तेव्हा असेच अनुभव नोंदले जात होते. डुकराची जाड चरबी विष अडवते, असं त्यावर बरीच वर्षं सांगितलं गेलं.

‘ते काहीतरी’ काय, याचं उत्तर द्यायला त्या काळाकडे साधनं नव्हती. मुंगसाचं सीरम घेऊन दुसऱ्या प्राण्याला वाचवता येतं का, हेही काल्मेत यांनी पाहिलं. फारसं काही हाती लागलं नाही, मृत्यू थोडा लांबला एवढंच. मुंगसाची ताकद उसनी घेता येत नाही म्हटल्यावर शास्त्र घोड्याकडे वळलं. घोड्याला नागाचं विष मानवत नाही, तो इतर प्राण्यांसारखाच मरतो. पण तो मोठा असतो, त्याचं रक्त भरपूर काढता येतं आणि हळूहळू सरावला की तो प्रतिपिंडं तयार करतो. ती प्रतिपिंडं कुपीत भरून नेता येतात.

आता परळ. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, वाल्देमार हाफकिन यांनी लस शोधली आणि १८९९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस मिळालं. पूर्वी हा जेझुइट पाद्र्यांचा मठ होता, मग गव्हर्नरांचं निवासस्थान, आणि मग जिथे मेजवान्या झडल्या त्या दालनांत लसीच्या बाटल्या. प्लेगच्या गर्दीतच तिथे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन जॉर्ज लॅम्ब, विल्यम हॅना यांच्यासह, सापांच्या विषावर काम करत होते. काल्मेत यांचा दावा असा होता की नागाच्या विषावर केलेलं आपलं सीरम सगळ्याच विषारी सापांवर चालेल. लॅम्ब यांनी तो घोणसेच्या विषावर तपासला. सीरमचा काडीचाही उपयोग झाला नाही.

नागाचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधला दुवा बंद पाडतं. पापण्या मिटतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. घोणसेचं विष रक्तावर जातं, आधी रक्त गोठवतं आणि मग गोठण्याची शक्तीच संपवून टाकतं. एकाचा उतारा दुसऱ्याला लागू पडणार नाही, हे आज कुणालाही पटेल. १९०१ ते १९०४ च्या दरम्यान फ्रान्सच्या नावाजलेल्या शास्त्रज्ञाला परळहून असं सांगणं सोपं नव्हतं. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील तिथल्या सापांवर काम करता करता याच निष्कर्षाला आले होते. ज्या देशात साप, त्याच देशातलं विष घेऊन औषध बनवायला हवं, हे या दोघांमुळे पक्कं झालं. लॅम्ब यांचं नाव मुंबईत आज एखाद्या बोळालाही नाही, आणि मला ते खटकतं.

यानंतर १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नाग आणि घोणस या दोघांवर चालणारं सीरम बनू लागलं. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांचं विष घोड्याला टोचून एकच औषध तयार केलं गेलं. पाणी काढून त्याची भुकटी केली की ते बर्फाविना महिनोन्महिने टिकायचं. भंडारा-गोंदियाकडच्या विजेविना राहिलेल्या दवाखान्यांच्या दृष्टीनं हा भाग चार सापांइतकाच मोलाचा. या कामासाठी हाफकिनमध्ये साप पाळले जात, त्यांचं विष काढलं जात असे. तिथले पी. जे. देवरस यांनी त्या अनुभवावर नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९६५ मध्ये भारतातल्या सापांवर लिहिलेलं छोटं पुस्तक अजून वाचलं जातं. घोड्यांचे तबेले पुण्याजवळ पिंपरीला. पुढे विषासाठी तमिळनाडूच्या इरुळा सापवाल्यांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था हाच देशाचा मुख्य आधार झाला.

सर्पगंधेचं काय झालं ते इथे सांगायला हवं, कारण तीही परळलाच आली. हाफकिनच्या जवळच केईएम रुग्णालय. तिथले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. तीन वर्षांनी स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी ते एक ठरलं, आणि मनोविकारांच्या उपचारांनाही त्यानं वळण दिलं. सापाच्या विषावर मात्र ही मुळी निरुपयोगीच राहिली. मुंगसाची म्हणून सांगितलेली मुळी अशी माणसाच्या वेगळ्याच दुखण्याला उपयोगी पडली. एका रस्त्यावर दोन संस्था, एकीत घोडा आणि एकीत मुळी. मुंगूस स्वतः मात्र कुठेच नव्हतं.

ते पुन्हा पुढे आलं १९७० च्या दशकात, इस्रायलमध्ये. तेल अवीव विद्यापीठातले ओवादिया आणि कोख्वा हे निरनिराळ्या प्राण्यांचं सीरम सापाच्या विषात मिसळून पाहत होते. मुंगसाच्या रक्तात घोणसेच्या कुळातल्या सापांचं विष अडवणारे घटक सापडले, हेजहॉगच्याही सापडले. म्हणजे रक्तवाहिन्या फोडणाऱ्या विषाला तोड रक्तातच होती. पण नागाच्या विषाचं कोडं त्यानं सुटत नव्हतं, आणि मुंगसाची ख्याती तर नागामुळे.

नागाच्या विषातला घातक भाग म्हणजे एक छोटंसं प्रथिन. मेंदूकडून निघालेला हुकूम स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. स्नायूच्या पेशीवर त्याला पकडणारा रिसेप्टर असतो. रिसेप्टर हे कुलूप म्हटलं तर ॲसिटिलकोलीन ही त्याची किल्ली, आणि नागाचं प्रथिन म्हणजे कुलपात घुसून मोडलेली काडी. ती बसली की खरी किल्ली आत जात नाही. छातीचे स्नायू थांबतात आणि माणूस शुद्धीत असतानाच गुदमरतो.

१९९२ मध्ये रेहोव्होतच्या वाइझमान संस्थेतल्या सारा फुक्स यांच्या गटानं, ओवादिया आणि कोख्वा यांच्यासह, मुंगसाच्या या रिसेप्टरचा ज्या ठिकाणी विष चिकटतं तेवढाच तुकडा वाचून दाखवला. बाकी सस्तन प्राण्यांपेक्षा तो मोजक्याच अमिनो आम्लांनी वेगळा होता. एका जागी झालेल्या बदलामुळे तिथे साखरेच्या रेणूंची एक साखळी लटकते आणि ती दारात आडवी येते. जवळच्या आणखी दोन जागांवरही बदल आहेत. नागाचं प्रथिन मोठं असल्यामुळे त्याला आत शिरता येत नाही, आणि लहानगं ॲसिटिलकोलीन मात्र सहज जातं. मुंगसाचा स्नायू नेहमीसारखाच काम करतो. विष रक्तात फिरत राहतं, पण बसायला जागाच नाही.

हे उत्तर मला आजही थक्क करतं, आणि त्याचं कारण त्यातला सोपेपणा नाही. त्याचं कारण आहे नाग. नाग स्वतःच्या विषानं का मरत नाही, हे न्यूयॉर्कमधल्या झोल्तान ताकाच यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं. नागाच्या रिसेप्टरवरही तशीच साखरेची साखळी आहे, त्याच भागात. ज्यानं विष बनवलं त्यानं आणि जो त्याला खातो त्यानं, कोट्यवधी वर्षांच्या अंतरानं, एकमेकांकडून काहीही न घेता, एकच युक्ती शोधली.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॅनियल ड्रॅबेक, अँटनी डीन आणि शेरॉन जान्सा यांनी हेजहॉग, डुक्कर आणि रॅटेल यांचे रिसेप्टर वाचले. रॅटेल म्हणजे मधाच्या पोळ्यांवर तुटून पडणारा, काळ्या अंगावर करडी झूल पांघरल्यासारखा दिसणारा प्राणी. तो नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातही आहे. या तिघांत साखरेची साखळी नाही. त्यांच्यात त्याच जागी अर्जिनिन हे धनभार असलेलं अमिनो आम्ल आहे. नागाच्या प्रथिनावरही धनभार असतो, म्हणून ते दूर लोटलं जातं. हे बदल तिघांतही स्वतंत्रपणे झाले. म्हणजे मुंगूस धरून सस्तन प्राण्यांत किमान चार वेळा, दोन वाटांनी, ही सोय घडली. डुकराच्या चरबीची कथाही त्यामुळे अपुरी ठरली. भंडाऱ्याच्या शेतात धान उपटणारं रानडुक्कर चरबीखाली आणखी काहीतरी बाळगून होतं.

फेअरर यांचा आणि गावातल्या आजोबांचा वाद इथे मिटायला हरकत नाही. दंश झाला तरी मुंगूस जगतं हे आजोबांचं बरोबर. भरपूर विष गेलं तर तेही मरतं हे फेअरर यांचं बरोबर. चपळाई लागते हे किपलिंगचंही बरोबर, कारण सहनशक्तीला मर्यादा आहे आणि नागाशी खेटताना ती मर्यादा ओलांडू द्यायची नसते. झुंजीनंतर मुंगूस झुडपात का जातं, याला मुळीची गरज नाही. जखमी प्राणी आडोशाला जातोच.

मुंगसाची ताकद उसनी घेता येत नाही, हे काल्मेत यांचं अनुमान मात्र हळूहळू सैल होत आहे. रिसेप्टर दुसऱ्याला देता येत नाही हे खरं, पण रक्तातले विष अडवणारे घटक काढता येतात. अमेरिकेतल्या ओपॉसम या पिशवीधारी प्राण्याच्या रक्तातल्या अशा एका घटकाचा छोटा तुकडा सॅन होजे इथल्या क्लेअर कोमिव्ह्स यांच्या गटानं ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतला, आणि २०१५ मध्ये सांगितलं की रॅटल स्नेक आणि घोणस या दोघांच्या विषापासून त्यानं उंदरांना वाचवलं. २०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगार यांनी अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर एक कृत्रिम प्रतिपिंड जाहीर केलं. नागाच्या कुळातल्या निरनिराळ्या सापांच्या विषावर ते उंदरांमध्ये चाललं. त्याची रचना ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरची नक्कल करते. विष खऱ्या रिसेप्टरऐवजी त्यालाच जाऊन चिकटतं. काडी दुसऱ्याच कुलपात अडकवायची ही रीत. ना घोडा, ना मुंगूस.

दवाखान्यापर्यंत यातलं अजून काही पोचलेलं नाही. २०२० मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सापामुळे सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. फेअरर यांच्या तक्त्यांतून किती माणसं निसटली असतील, ते यावरून कळावं. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे पऱ्हे टाकण्यापासून धान गर्भात येईपर्यंतचे. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं.

त्यासाठी हाताशी आहे ते घोड्याचंच सीरम. मिलीलिटरमागे ते नागाचं आणि घोणसेचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्याराचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिल्या खेपेला आठ ते दहा कुप्या सलाइनमधून देतात, आणि चावलेला साप कुठला हे सांगता आलं नाही तरी चालतं. विष मुख्यतः तमिळनाडूच्या सापांचं, त्यामुळे इतर भागातल्या सापांवर हे औषध कधी कमी पडतं, अशी तक्रार संशोधक गेली काही वर्षं करत आहेत. लॅम्ब यांनी परळहून फ्रान्सला जे कळवलं होतं, तेच आता एका देशाच्या आत लागू पडतं आहे. महाराष्ट्रातल्या आणि मध्य भारतातल्या सापांचं विष वेगळं गोळा करावं, ही मागणी त्यातूनच आली आहे.